हमीची किंमत: न्यूयॉर्कची माफिया घराणी आणि डॉनी ब्रास्को

न्यूयॉर्कमधील इटालियन-अमेरिकन माफियाच्या पाच घराण्यांचा सगळा कारभार तोंडी चाले. तो उभा होता हमीवर. रीतसर शपथ घेतलेला सदस्य एखाद्या परक्याला बैठकीत घेऊन आला, की त्याची ओळख करून देण्याच्या दोन ठरलेल्या रीती होत्या. ‘हा माझा मित्र’ असे म्हटले, तर समोरच्याने समजून घ्यायचे की माणूस बाहेरचा आहे, त्याच्यासमोर बेताने बोलावे. ‘हा आपला मित्र’ असे म्हटले, तर तोही शपथ घेतलेला, त्याच्यासमोर कामाचे बोलायला हरकत नाही. पण पहिल्या ओळखीतही जबाबदारी होतीच. आणलेला माणूस पुढे पोलिसांचा निघाला, तर ज्याने त्याला आणले त्याच्याकडे जाब मागितला जाई, आणि हा जाब बहुधा जिवानेच द्यावा लागे.

पोलिसांपासून बचावाची ह्याहून पक्की व्यवस्था गुन्हेगारी जगात क्वचितच कुठे असेल. तिच्यामुळे माफियाच्या पोटात शिरणे अशक्य समजले जाई. १९७६ ते १९८१ ह्या काळात अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेचा, म्हणजे एफबीआयचा, जोसेफ पिस्टोन नावाचा अधिकारी ‘डॉनी ब्रास्को’ ह्या खोट्या नावाने ह्याच हमीच्या वाटेने बोनॅनो घराण्यात शिरला आणि सदस्यत्वाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचला. माइक न्यूवेल दिग्दर्शित ‘डॉनी ब्रास्को’ हा १९९७ चा चित्रपट त्याच प्रकरणावर आहे.

पाच घराण्यांची घडी बसली ती १९३१ मध्ये. त्याआधीचे सुमारे वर्षभर न्यूयॉर्कमधील सिसिलियन टोळ्यांत रक्तरंजित यादवी चालू होती. ती संपल्यावर लकी लुचियानोने घराण्यांच्या प्रमुखांचे एक मंडळ नेमले. वाटण्या, भांडणे आणि मोठ्या माणसांच्या हत्या ह्यांचा निवाडा हे मंडळ करी. प्रत्येक घराण्यात वर प्रमुख, त्याखाली उपप्रमुख, मग कप्तान आणि कप्तानांच्या हाताखाली शिपाई अशी उतरंड होती. शिपायांच्या भोवती सदस्य नसलेले हस्तक असत आणि अंगमेहनतीची बरीचशी कामे तेच करत. जुगार, व्याजबट्टा, मालट्रकांची लूट, गोदीवरील आणि बांधकामावरील कामगार संघटनांची पिळवणूक ही कमाईची साधने होती, पुढे हेरॉइनची त्यात भर पडली. पैसा खालून वर चढे. हस्तकाने शिपायाला, शिपायाने कप्तानाला, कप्तानाने प्रमुखाला वाटा पोहोचवायचा आणि त्याबद्दल तक्रार करायची नाही. जोसेफ बोनॅनोच्या हाती त्याचे घराणे आले तेव्हा तो अवघा सव्वीस वर्षांचा होता आणि पुढची तीन दशके ते त्याच्याच ताब्यात राहिले.

ह्या जगात पोलिसांनी माणूस पेरण्याचे प्रयत्न त्याआधीही झाले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क पोलिसांच्या इटालियन पथकाचा प्रमुख जोसेफ पेट्रोसिनो वेषांतर करून इटालियन वस्त्यांत फिरत असे. १२ मार्च १९०९ रोजी सिसिलीतील पालेर्मो शहरात, तपासासाठी गेलेला असताना, त्याला गोळ्या घालण्यात आल्या. शिकागोत अल कपोनविरुद्ध करचुकवेगिरीचा खटला उभा राहत होता, तेव्हा अर्थखात्याचा मायकल मलोन हा अधिकारी फिलाडेल्फियातील गुंड असल्याची बतावणी करून कपोनचा मुक्काम असलेल्या लेक्सिंग्टन हॉटेलात वावरला. मलोनची कामगिरी असामान्यच म्हणावी लागेल. पण कपोनची टोळी ही शपथा आणि घराण्यांची टोळी नव्हती, तिथे पैशाच्या जोरावर आणि गुंडगिरीच्या लौकिकावर आत जाता येई.

एफबीआय मात्र ह्या वाटेला फारशी गेलीच नाही. संस्थेचे संचालकपद १९२४ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९७२ पर्यंत, जे. एडगर हूवरकडे होते. आपले अधिकारी गुन्हेगारांच्या संगतीत राहिले तर बिघडतील आणि संस्थेच्या नावाला बट्टा लागेल, ही त्याची भीती. देशभर पसरलेली माफिया अशी काही संघटना आहे हेही तो दीर्घकाळ मान्य करायला तयार नव्हता. १४ नोव्हेंबर १९५७ रोजी न्यूयॉर्क राज्यातील अपालाचिन ह्या खेड्यात एका घरी जमलेल्या माफिया पुढाऱ्यांवर राज्याच्या पोलिसांनी छापा घातला आणि साठेक जण सापडले. त्यानंतर नाकारण्याला अर्थ उरला नाही. १९६३ मध्ये जो वालाची ह्या कैद्याने सिनेटच्या समितीपुढे शपथविधी, घराणी, पदे अशी आतली सगळी रचना उघड सांगितली.

माहिती मिळाली तरी खटला उभा राहीना. खून करणारा शिपाई सापडे, हुकूम देणारा प्रमुख सुटे, कारण प्रमुखाचा हात कुठल्याही कृत्याला थेट लागलेला नसे. १९७० मध्ये ‘रिको’ ह्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि खुद्द गुन्हेगारी संघटनाच खटल्याचा विषय झाली. एका संघटनेसाठी गुन्ह्यांची मालिका चालवली एवढे सिद्ध झाले, की हुकूम देणाराही अडके. पण त्यासाठी ‘ही संघटना आहे, हा तिचा प्रमुख, हा त्याचा कप्तान’ हे न्यायालयात कोणीतरी सांगायला हवे होते. फुटलेल्या गुन्हेगाराच्या साक्षीवर ज्युरी सहजी विश्वास ठेवत नाही, कारण शिक्षा कमी करून घेण्यासाठी तो काहीही बोलेल असे बचावपक्षाला म्हणता येते. शपथ घेतलेल्या अधिकाऱ्याच्या साक्षीचे वजन निराळे. हूवरनंतरच्या एफबीआयने माणसे पेरण्याचे काम मनावर घेतले त्यामागे ही निकड होती.

जोसेफ पिस्टोन १९३९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एरी येथे जन्मला आणि न्यू जर्सीतील पॅटरसनमध्ये वाढला. घर इटालियन, वस्ती कामगारांची. जुगाराचे अड्डे आणि तिथली माणसे त्याने लहानपणापासून पाहिलेली होती. काही काळ शाळेत शिकवून आणि नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात काम करून १९६९ मध्ये तो एफबीआयमध्ये आला. मोठे ट्रक आणि बुलडोझर त्याला चालवता येत. ह्या कसबाच्या जोरावर अवजड वाहने चोरणाऱ्या एका टोळीत त्याला घुसवण्यात आले आणि ती टोळी १९७६ च्या सुरुवातीला पकडली गेली. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये चोरीचा माल विकत घेणाऱ्या बड्या दलालांपर्यंत पोहोचण्याची योजना आखली गेली. मुदत ठरली सहा महिन्यांची. माफियात शिरणे हा मूळ हेतूही नव्हता.

डॉनी ब्रास्को हा दागिन्यांचा चोर असेल असे ठरले. हा धंदा एकट्याने करता येतो, त्यामुळे साथीदार कोण हा प्रश्न उद्भवत नाही, आणि त्यात मारामारी करून दाखवावी लागत नाही. पिस्टोनने हिरेमाणकांची पारख शिकून घेतली. कार्यालयातून त्याचे टेबल, कागदपत्रे, नाव सगळे काढून टाकण्यात आले. फोनवर कोणी चौकशी केलीच, तर अशा नावाचा कोणी इथे नाही हेच उत्तर मिळणार होते. नेमके काय चालले आहे हे त्याच्या जुन्या सहकाऱ्यांनाही ठाऊक नव्हते.

पहिले काही महिने त्याने नुसते बसून काढले. मॅनहॅटनच्या पूर्व भागात कार्मेलोज नावाचे एक उपाहारगृह होते, तिथे माफियाच्या लोकांची ऊठबस असे. पिस्टोन तिथे जाई, एखादे पेय घेई, बिल रोख चुकते करी आणि निघून जाई. कोणाच्या जवळ सरकायचे नाही, नाव विचारायचे नाही, कान देऊन ऐकतो आहोत असे दिसू द्यायचे नाही. पोलिसांचा माणूस घाईवर असतो, हे त्या लोकांना चांगले माहीत होते. बॅकगॅमनच्या डावाच्या निमित्ताने बोलणे सुरू झाले. मग एकदा त्याने बारवाल्याला काही दागिने दाखवले आणि गिऱ्हाईक मिळेल का विचारले. माल एफबीआयनेच पुरवलेला होता. कामाचे स्वरूप न सांगताच तिथल्या लोकांना कळले.

ह्या ओळखीतून तो ब्रुकलिनमध्ये, कोलंबो घराण्याशी जोडलेल्या जिली ग्रेकाच्या गटात पोहोचला. ग्रेकाचे कपड्यांचे दुकान होते, नाव ‘असर्ग’, म्हणजे त्याच्याच आडनावाची इंग्रजी अक्षरे उलटी मांडलेली. दुकानात विकला जाणारा माल चोरीचा असे. इथे डॉनीची पहिली खरी परीक्षा झाली. गटातील दोघांनी त्याला मागच्या खोलीत नेले, टेबलावर पिस्तूल ठेवले आणि तुझी ओळख पटवणारे एक नाव सांग, नाही तर गालिच्यात गुंडाळून बाहेर जाशील, असे बजावले. त्याने मायामीतील एका माणसाचे नाव दिले. हा माणूस एफबीआयचा खबऱ्या होता आणि कोणी विचारलेच तर डॉनीबद्दल चांगले बोलायचे असे त्याला पूर्वी कधीतरी सांगून ठेवलेले होते. ते त्याच्या ध्यानात असेल की नाही, हे पिस्टोनला कळायला मार्ग नव्हता. फोनाफोनी चालू असताना कित्येक तास तो त्या खोलीत बसून होता. अखेर मायामीहून होकार आला. बाहेर पडताना, आपल्यावर संशय घेतल्याबद्दल त्याने त्यातल्या एकाला ठोसा मारला. अपमान मुकाट्याने गिळणारा चोर त्या जगात कोणाच्या हिशेबी राहिला नसता.

१९७७ मध्ये तो बोनॅनो घराण्याच्या लोकांत मिसळू लागला. पहिला ओळखीचा अँथनी मिरा, चाकू चालवण्याबद्दल कुप्रसिद्ध आणि स्वतःच्या घराण्यातही नकोसा. मिरामुळे बेंजामिन ‘लेफ्टी’ रुजेरोची गाठ पडली. लेफ्टी तेव्हा पन्नाशीचा होता. पैजा घेणे हा त्याचा धंदा आणि पैजा लावणे हे त्याचे व्यसन, त्यामुळे कायमचा कर्जबाजारी. मिरा तुरुंगात गेल्यावर डॉनी आपला आहे असे लेफ्टीने घराण्यात जाहीर केले. डॉनीची मिळकत, चालचलणूक आणि निष्ठा ह्यांचा हमीदार तेव्हापासून लेफ्टी झाला. बदल्यात डॉनीच्या कमाईत त्याला वाटा मिळे. नियम शिकवायचे कामही त्याचेच. मिशी ठेवू नये, पैसे पाकिटात नव्हे तर गुंडाळी करून खिशात बाळगावेत, दुसऱ्याच्या बायकोकडे पाहू नये, सदस्यावर हात उगारू नये, असे धडे लेफ्टी तासन् तास देत असे. पिस्टोनची साक्ष पुढे इतकी तपशीलवार झाली त्याचे बरेचसे श्रेय लेफ्टीच्या बोलक्या स्वभावाला द्यायला हवे.

ह्या हमीवरून खराखुरा वादही झाला. तुरुंगातून सुटल्यावर मिराने डॉनीवर आपला हक्क सांगितला, शिवाय डॉनीने अमली पदार्थांच्या व्यवहारातला पैसा लाटल्याचा आळ घेतला. आरोप टिकला असता तर डॉनीचे काय होणार हे उघड होते. घराण्यातील वरिष्ठांपुढे एकाहून जास्त बैठका झाल्या. आरोपीला तिथे बोलावण्याची रीत नव्हती, त्याच्या वतीने लेफ्टी बोलला आणि निकाल त्याच्या बाजूने लागला. एका सरकारी अधिकाऱ्याच्या जिवासाठी माफियाचा शिपाई माफियाच्याच पंचांसमोर भांडत होता, ही गोष्ट ह्या साऱ्या प्रकरणाचे मर्म सांगते.

एफबीआयने आता डॉनीच्या ओळखीचा उपयोग इतर शहरांत करून घेतला. मिलवॉकीत एक दुसरा अधिकारी विक्रीयंत्रांच्या धंद्याच्या मिषाने बसवण्यात आला होता. तिथला माफिया प्रमुख फ्रँक बॅलिस्ट्रिएरी परस्पर धंदा थाटणाऱ्याची गय करत नसे. डॉनीने लेफ्टीला मध्ये घातले आणि बोनॅनो घराणे व मिलवॉकीचा प्रमुख ह्यांच्यात बोलणी घडवून आणली. फ्लोरिडात टॅम्पाच्या उत्तरेला हॉलिडे ह्या गावी किंग्ज कोर्ट नावाचा रात्रीचा क्लब आणखी एक अधिकारी चालवत होता. त्यात बोनॅनो घराणे भागीदार झाले, आणि फ्लोरिडाचा प्रमुख सँटो ट्रॅफिकांटे ह्याच्याशी त्यांचा संबंध एफबीआयच्या डोळ्यांसमोर जुळला. फ्लोरिडातल्या एका सहलीसाठी पिस्टोनने जी नौका मिळवली, ती एफबीआयने राजकारण्यांच्या लाचखोरीचे ‘अ‍ॅबस्कॅम’ प्रकरण उघडकीला आणताना वापरलेली होती. त्या प्रकरणाच्या बातमीत नौकेचे छायाचित्र छापून आले आणि लेफ्टीने ते ओळखले. आपणही त्या लोकांना फसवून नौका वापरली, आणि आपण काही पकडलो गेलो नाही, अशी समजूत घालून पिस्टोनने वेळ मारून नेली.

दरम्यान घराणे आतून फुटत होते. जोसेफ बोनॅनो १९६० च्या दशकातच सत्तेबाहेर गेला होता. अधिकृत प्रमुख फिलिप रास्टेली तुरुंगात, आणि बाहेर कार्माइन गॅलांटे स्वतःला प्रमुख समजून वागत होता. १२ जुलै १९७९ रोजी ब्रुकलिनमधील बुशविक भागात एका उपाहारगृहाच्या परसात जेवायला बसलेला असताना गॅलांटेला गोळ्या घालण्यात आल्या. त्यानंतर डॉमिनिक ‘सनी ब्लॅक’ नेपोलिटानो कप्तान झाला. ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागातील मोशन लाउंज हा त्याचा अड्डा होता. गच्चीवर त्याने शर्यतीची कबुतरे पाळली होती आणि खासगी बोलणे करायचे असले की तो डॉनीला घेऊन कबुतरांपाशी जाई. सनी ब्लॅक निर्दय होता, पण हुशार आणि शब्दाचा पक्का होता असे पिस्टोनने नंतर लिहिले आहे.

५ मे १९८१ रोजी रास्टेलीच्या बाजूच्या लोकांनी विरोधी गटाच्या तीन कप्तानांना बैठकीला बोलावून ठार केले. अल्फॉन्स इंडेलिकाटोचा मृतदेह काही दिवसांतच सापडला. त्याचा मुलगा अँथनी, म्हणजे ब्रुनो, मात्र हाती लागला नव्हता. त्याला शोधून मारण्याचे काम सनी ब्लॅकने डॉनीवर सोपवले. बोनॅनो घराण्याच्या सदस्यत्वासाठी डॉनीचे नाव सुचवण्याचे सनीने ठरवलेच होते, हा खून त्याची पायरी ठरणार होता. पिस्टोनला आतच राहायचे होते. एफबीआयचा अधिकारी शपथ घेऊन माफियाचा सदस्य झाला, एवढ्या एका गोष्टीने घराण्यांची कायमची नाचक्की होईल, असा त्याचा युक्तिवाद होता. वरिष्ठांनी मान्य केले नाही. खून करणे शक्य नव्हते आणि न करता तिथे राहणेही शक्य नव्हते. २६ जुलै १९८१ ला मोहीम थांबवण्यात आली.

त्यानंतर लगेच एफबीआयचे अधिकारी मोशन लाउंजमध्ये गेले आणि डॉनी हा आपला अधिकारी असल्याचे सनी ब्लॅकला सांगितले. एफबीआयकडे येण्याचा रस्ता मोकळा आहे, हे त्याला सुचवण्यात आले. तो आला नाही. १७ ऑगस्टला त्याला एका बैठकीचे बोलावणे आले. जाण्यापूर्वी त्याने अंगावरचे दागिने आणि कबुतरांची देखभाल व्हावी म्हणून घराच्या किल्ल्या आपल्या विश्वासातल्या बारवाल्याकडे दिल्या. वर्षभराने स्टेटन आयलंडवर त्याचा मृतदेह मिळाला, हात तोडलेले. मिराला फेब्रुवारी १९८२ मध्ये त्याच्याच नात्यातल्या माणसांनी मारले. लेफ्टीचीही पाळी होतीच, पण ऑगस्ट १९८१ च्या अखेरीस एफबीआयने त्याला अटक केली, म्हणून तो वाचला. त्याने शेवटपर्यंत सरकारला काही सांगितले नाही. दहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढून तो १९९२ मध्ये सुटला आणि १९९४ मध्ये कर्करोगाने वारला. पिस्टोनच्या डोक्यावर माफियाने पाच लाख डॉलरची सुपारी लावली होती, ती पुढे मागे घेतली गेली.

पिस्टोनच्या कामगिरीतून दोनशेहून अधिक जणांवर आरोप ठेवले गेले आणि शंभराहून अधिक दोषी ठरले. घराण्यांच्या प्रमुखांवरील १९८५-८६ च्या मंडळ-खटल्यात आणि हेरॉइनच्या ‘पिझ्झा कनेक्शन’ खटल्यात त्याने साक्ष दिली. बोनॅनो घराण्याच्या वाट्याला मात्र एक विचित्र फायदा आला. अधिकारी आत शिरल्याच्या नामुष्कीमुळे ते मंडळाबाहेर फेकले गेले होते. त्यामुळे मंडळ-खटल्यात इतर घराण्यांच्या पुढाऱ्यांना शंभर-शंभर वर्षांच्या शिक्षा झाल्या, तशी झळ त्याला बसली नाही.

पिस्टोनने १९८६ मध्ये नोकरी सोडली आणि रिचर्ड वुडलीच्या साहाय्याने पुस्तक लिहिले. त्याचा बालमित्र लुई डिजायमो चित्रपटांसाठी नट निवडण्याचे काम करत असे, त्याच्या पुढाकाराने चित्रपटाची जुळवाजुळव सुरू झाली. पण १९९० मध्ये मार्टिन स्कॉर्सेसीचा ‘गुडफेलाज’ आला आणि त्याच प्रकारचा दुसरा चित्रपट लगेच काढायला पैसेवाले तयार होईनात. अखेर पॉल अटॅनासिओच्या पटकथेवर न्यूवेलने तो केला. जॉनी डेप पिस्टोनच्या आणि अल पचिनो लेफ्टीच्या भूमिकेत होते. पटकथेला ऑस्करचे नामांकन मिळाले.

चित्रपटाने इतिहासाची बरीच मोडतोड केली. सगळ्यात मोठा फरक शेवटी आहे. पडद्यावर बोलावणे येते ते लेफ्टीला. तो घड्याळ, अंगठी, साखळी काढून बायकोच्या नजरेस पडेल अशा बेताने कपाटाच्या खणात ठेवतो आणि घराबाहेर पडतो. हे प्रत्यक्षात घडले होते सनी ब्लॅकच्या बाबतीत. एकाचा मृत्यू दुसऱ्याला देणे हे इतिहास म्हणून चूकच. तरीही हमीची रीत ज्या न्यायाने चाले तो न्याय ह्या बदलामुळे प्रेक्षकाला थेट दिसतो, कारण चित्रपटातला सारा जिव्हाळा डॉनी आणि लेफ्टी ह्यांच्यातला आहे. पचिनोने लेफ्टी रंगवला आहे तो आयुष्यभर चाकरी करून बढतीत मागे राहिलेला म्हातारा म्हणून, आणि गुंडाच्या भूमिकांत इतका थकलेला माणूस क्वचित पाहायला मिळतो. जपानी उपाहारगृहातला प्रसंगही विसरता येत नाही. डॉनीच्या बुटात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे, बूट काढण्याचा आग्रह होतो आणि तो टाळण्यासाठी तो जे खोटे बोलतो त्यापायी एका निरपराध नोकराला बेदम मार बसतो. प्रत्यक्षात पिस्टोन फार क्वचित असे यंत्र अंगावर बाळगे, बहुतेक गोष्टी लक्षात ठेवून फोनवर कळवे. शेवटी डॉनीला बक्षीस म्हणून पाचशे डॉलरचा धनादेश मिळतो, तो तपशील मात्र खरा आहे.

सनी ब्लॅकच्या खुनाचा छडा लागायला दोन दशके गेली. बोनॅनो घराण्याचा पुढचा प्रमुख जोसेफ मसिनो त्या खुनासह इतर अनेक गुन्ह्यांत २००४ मध्ये दोषी ठरला आणि मग सरकारचा साक्षीदार झाला. न्यूयॉर्कच्या घराण्याचा प्रमुख सरकारला मिळाल्याचे हे पहिलेच उदाहरण. त्याच्या माहितीवरून १९८१ च्या त्या तीन कप्तानांपैकी उरलेल्या दोघांचे अवशेष खोदून काढण्यात आले. त्याच सुमारास एफबीआयचा क्यूबात जन्मलेला अधिकारी होआकिन गार्सिया ‘जॅक फाल्कोन’ ह्या नावाने गॅम्बिनो घराण्यातील कप्तान ग्रेगरी डिपाल्माच्या विश्वासात शिरला होता. त्याचेही नाव सदस्यत्वासाठी पुढे आले, आणि तीही मोहीम २००५ मध्ये, शपथ होण्याआधीच, थांबवण्यात आली.